दोन समोच्च रेषांच्या मधले गिरणगाव

ब्लॅकस्टोन नदी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात उगम पावते आणि सुमारे ४६ मैल वाहून ऱ्होड आयलंडमधील पॉटकेटच्या धबधब्यापाशी खाऱ्या पाण्याला मिळते. एवढ्या अंतरात ती ४३८ फूट खाली उतरते, म्हणजे मैलाला सरासरी साडेनऊ फूट. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा उतार म्हणण्याजोगासुद्धा वाटणार नाही. तरीही याच उतारावर १७९० च्या डिसेंबरात पॉटकेट येथे सॅम्युएल स्लेटरने पाण्याच्या जोरावर सूतकताईची यंत्रे चालवून दाखवली आणि १७९३ मध्ये तेथे गिरणीची इमारत उभी राहिली. स्लेटर इंग्लंडमधील डर्बीशरचा. तेथील कारागिरांना देश सोडण्यास आणि यंत्रांचे आराखडे बाहेर नेण्यास मनाई होती, म्हणून यंत्रांची रचना केवळ डोक्यात साठवून तो १७८९ मध्ये अमेरिकेत आला होता. पुढच्या शंभर वर्षांत या नदीवर आणि तिच्या ओढ्यांवर इतके बंधारे बांधले गेले की तिला ‘अमेरिकेतील सर्वांत कष्टाळू नदी’ असे नाव पडले.

या खोऱ्यात मी अकरा वर्षे राहते आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी एका स्थानिक इतिहास मंडळाने विचारले की १८३० पासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत कोणते बंधारे, तळी आणि पाट कोठे होते, हे एकाच नकाशावर थराथराने दाखवता येईल का. नकाशांची संगणकीय कामे हा माझा रोजचाच उद्योग असल्यामुळे मी दोन महिन्यांचे काम समजून होकार दिला. प्रत्यक्षात त्याला सव्वा वर्ष लागले.

पहिली सामग्री सहज मिळाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, १८८४ पासूनचे आपले पावणेदोन लाखांहून अधिक स्थलदर्शक नकाशे स्कॅन करून मोफत उपलब्ध केले आहेत. मॅसॅच्युसेट्सने १८८४ मध्येच या खात्याबरोबर निम्मा खर्च उचलण्याचा करार केला, त्यामुळे आमच्या खोऱ्याचे नकाशे देशातील अगदी आरंभीच्या नकाशांपैकी आहेत. एकेक पत्रक अक्षांश-रेखांशाची पंधरा-पंधरा मिनिटे व्यापते आणि त्याचे प्रमाण १:६२,५०० आहे. पुण्यात शिकताना आम्ही ज्या जुन्या टोपोशीट हाताळल्या, त्या इंचाला मैल, म्हणजे १:६३,३६० प्रमाणाच्या होत्या. त्यामुळे हे पत्रक पडद्यावर उघडले तेव्हा डोळ्यांना ते ओळखीचे वाटले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून तीन रंगांत छापलेला हा नकाशा आहे: माणसाने केलेले सारे काळ्यात, पाणी निळ्यात आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, तपकिरीत. देखणेपणात आजचा कोणताही नकाशा त्याच्या जवळ येत नाही, असे माझे मत आहे.

देखणेपणाची किंमत मात्र लगेच कळते. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे साडेबासष्ट मीटर. कोरणाऱ्याचा हात अर्ध्या मिलिमीटरने हलला, तरी गिरणी नदीच्या दुसऱ्या काठावर जाऊन बसते. त्यातच वूनसॉकेट हे खोऱ्यातील मोठे गिरणीचे गाव नेमके ४२ अक्षांश आणि साडेएकाहत्तर रेखांश जेथे एकमेकांना छेदतात तेथे वसलेले आहे, म्हणजे चार पत्रकांच्या कोपऱ्यावर. एकाच गावाची चार शकले चार कागदांवर पडली आहेत. शेजारच्या दोन पत्रकांवर एकच रस्ता पाऊण मिलिमीटरने चुकलेला दिसला, तेव्हा आपण नेमके कशात हात घातला आहे हे प्रथम लक्षात आले.

वर्षांचा घोळ हा त्यानंतरचा धडा होता. प्रत्येक पत्रकाच्या खालच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष, आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष अशी तीन वेगवेगळी वर्षे असू शकतात. पुनर्मुद्रण कित्येकदा वीस-पंचवीस वर्षांनंतरचे असते आणि तरीही त्यावरील बहुतेक तपशील मूळ सर्वेक्षणाचाच राहतो. सुरुवातीला मी फाइलच्या नावातील वर्ष प्रमाण मानले, आणि परिणामी एक तळे १९११ मध्ये अस्तित्वात असल्याची नोंद करून बसले, जे मुळात १८८० च्या दशकात कोणीतरी पाहिले होते. त्यानंतर मी नोंदीच्या तक्त्यात वर्षाचा एकच रकाना न ठेवता ‘पाहिले केव्हा’ आणि ‘छापले केव्हा’ असे दोन रकाने केले. सगळ्या कामात घेतलेल्या निर्णयांपैकी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरला.

नकाशा आजच्या जमिनीवर बसवण्याचे काम मी क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत केले. चार कोपरे आणि मधल्या अक्षवृत्त-रेखावृत्तांचे छेद हे नियंत्रण बिंदू घेऊन नकाशा बसवला आणि त्यावर प्रॉव्हिडन्स-वूस्टर रेल्वेची आजची रेषा टाकली. हा लोहमार्ग १८४७ पासूनचा असून आजही त्यावरून मालगाड्या धावतात, त्यामुळे जुने आणि नवे ताडून पाहायला याच्यासारखा साक्षीदार नाही. नकाशातला लोहमार्ग खऱ्या लोहमार्गाच्या पश्चिमेला, सुमारे चाळीस मीटरवर, जवळपास समांतर धावत होता. मी दोन संध्याकाळी कागद ताणला गेला असेल, स्कॅनर तिरका असेल, अशा शंका घेण्यात घालवल्या. वास्तविक कागद ताणला गेला तर चूक एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त दिसते. ती सगळीकडे सारखीच असेल तर दोष कागदाचा नव्हे, मोजणीच्या आधाराचा, म्हणजे डेटमचा असतो. मी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आजच्या डेटमवर वाचले होते. ही पत्रके १९२७ च्या उत्तर अमेरिकी डेटमच्याही आधीची आहेत, पण तो डेटम धरून पुन्हा बसवताच लोहमार्ग बहुतेक ठिकाणी लोहमार्गावर आला. व्यवसायाने हेच काम करणाऱ्या व्यक्तीकडून ही चूक व्हावी, हे लिहितानाही थोडे ओशाळल्यासारखे होते.

उरलेली चूक वीस-तीस मीटरची होती, आणि तिच्या बाबतीत मोठा मोह आडवा आला. संगणकाला भरपूर बिंदू देऊन रबरासारखा ताण देणारी पद्धत निवडली, तर तो नकाशा खेचून प्रत्येक बिंदूवर अचूक बसवतो आणि शेष चूक शून्य दाखवतो. पूल, चर्च आणि चौक असे साठ बिंदू देऊन मी तसे केलेही. नकाशा सुरेख बसला. मात्र दोन बिंदूंच्या मध्ये नदीचे एक वळण असे पिळले गेले की पाणी चढावर वाहू लागले. सर्वेक्षकाने नदी जशी पाहिली होती तशी ती आता राहिली नव्हती, ती माझी नदी झाली होती. मी ती प्रत काढून टाकली, सगळा नकाशा एकसारखाच सरकवणारे आणि ताणणारे साधे एकघाती रूपांतर ठेवले आणि प्रत्येक पत्रकाच्या नोंदीत ‘चूक २५ मीटरपर्यंत’ असे स्पष्ट लिहिले. शून्य चूक दाखवणारा जुना नकाशा दिसला की तेव्हापासून मला तो संशयास्पदच वाटतो.

यानंतर खरे काम सुरू झाले, ते म्हणजे गिरण्या शोधणे. माझी अपेक्षा होती की एवढ्या उद्योगी खोऱ्याच्या नकाशावर गिरण्या ठळक दिसतील. तसे काहीच नव्हते. १८८० च्या दशकातील या पत्रकांवर घर हा काळा चौकोन आणि गिरणी हाही काळा चौकोन, फार तर थोडा लांबट. वस्तीचे नाव छापलेले असते, गिरणीचे सहसा नसते. मग मी उताराकडे वळले, कारण पाण्याची शक्ती म्हणजे किती पाणी किती उंचीवरून पडते याचा गुणाकार. पाणी जेथे पडते तेथे समोच्च रेषा जवळ आलेल्या दिसतील, असा माझा हिशेब होता. पण या पत्रकांवर समोच्च रेषांमधील अंतर वीस फुटांचे आहे, आणि येथील बहुतेक लहान गिरण्यांचे बंधारे आठ, दहा, फार तर बारा फुटांचे. नदी मैलाला साडेनऊ फूट उतरते, म्हणजे एक समोच्च रेषा नदीला छेदून गेली की पुढची साधारण दोन मैलांनंतर भेटते. त्या दोन मैलांत दोन बंधारे, दोन गिरण्या, कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगा, दुकान, शाळा आणि चर्च एवढे सगळे मावते, आणि तपकिरी शाईला त्यांतल्या कशाचाच पत्ता नसतो. ज्या उतारासाठी हे खोरे वसले, तो नेमका दोन समोच्च रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडला आहे.

तेव्हा तपकिरी रंग सोडून मी निळा रंग वाचायला शिकले. निसर्गाने केलेल्या तळ्याचा काठ सगळीकडून वेडावाकडा असतो, बांधलेल्या तळ्याची मात्र एक बाजू सरळ असते. ती सरळ रेघ म्हणजे बंधारा. त्या रेघेच्या एका टोकातून नदीला समांतर अशी बारीक निळी रेषा निघून काळ्या चौकोनापाशी थांबत असेल, तर तो गिरणीचा पाट. चौकोनाच्या पलीकडून ती पुन्हा नदीला मिळत असेल, तर पाणी चाक किंवा टर्बाइन फिरवून परत गेले. ही तीन लक्षणे एकत्र दिसली की तेथे गिरणी होती असे मी धरत असे, आणि पुढे पडताळणीत हा अंदाज क्वचितच चुकला. गोंधळ झाला तो एका वेगळ्या कारणाने. वूस्टर ते प्रॉव्हिडन्स असा ब्लॅकस्टोन कालवा १८२८ मध्ये वाहतुकीसाठी सुरू झाला आणि रेल्वे आल्यावर १८४८ मध्ये बंद पडला. बंद पडलेल्या कालव्याचे तुकडे गिरणीवाल्यांनी आपले पाट म्हणून वापरायला घेतले. त्यामुळे काही ठिकाणी नकाशातील पाट गिरणीच्या मानाने फारच लांब आणि फारच सरळ दिसतो, आणि त्याला कालवा म्हणावे की पाट, याचे उत्तर वर्ष कोणते यावर अवलंबून राहते.

१८३० चा थर सर्वांत जुना आणि हाताळायला सर्वांत अवघड होता. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्सने कायदा करून प्रत्येक गावाला आपला नकाशा इंचाला शंभर रॉड या प्रमाणात करून देण्यास सांगितले होते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, तेव्हा हे प्रमाण १:१९,८०० होते, यूएसजीएसच्या तिप्पट मोठे. प्रत्येक गावाने आपल्या परीने कोणा मोजणीदाराकडून साखळी आणि होकायंत्र घेऊन तो करवून घेतला. यात अक्षांश-रेखांश नाहीत आणि होकायंत्राची तेव्हाची उत्तर आजच्यापेक्षा कित्येक अंशांनी निराळी आहे. पण या नकाशांवर जे लिहिलेले सापडते ते पन्नास वर्षांनंतरच्या देखण्या पत्रकावर नाही: लाकूड कापण्याची गिरणी, दळणाची गिरणी, कापसाची गिरणी, लोकरीची गिरणी. आपल्याकडे पिठाची आणि कापडाची, दोन्ही गिरण्याच. तेथेही एकच शब्द दोन्हींना चालतो, आणि त्याचे कारण नकाशावर दिसते: कित्येक ठिकाणी दळणाच्या गिरणीचे पाणी आणि जागा घेऊनच कापसाची गिरणी उभी राहिली.

मला सर्वांत जास्त छळले ते नॉर्थब्रिजच्या बाजूच्या एका ओढ्याने. १८३० च्या नकाशावर तेथे लाकूड कापण्याची गिरणी लिहिली आहे, तळे दाखवलेले नाही. १८८० च्या दशकातील पत्रकावर कागदावर चार मिलिमीटर भरेल असे एक लांबट तळे आहे. १९४० च्या दशकात या राज्यासाठी १:३१,६८० प्रमाणाची पत्रके निघाली, त्यांवर त्याच जागी दलदलीची खूण आहे. राज्याने मोफत दिलेला लायडार उघडला, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेली, झाडे वगळलेली जमीन, तेव्हा ओढ्याला आडवा, मधोमध फुटलेला मातीचा भराव स्वच्छ दिसला. बंधारा सापडला म्हणून मी खूश झाले. परंतु नकाशातील तळ्याची सरळ बाजू त्या भरावापासून नव्वद मीटर खाली होती, आणि पंचवीस मीटरची चूक धरूनही हे अंतर भरून निघत नव्हते. एवढ्या एका तळ्यापुरता जुना नकाशा चुकला असेल असे ठरवून मी तळे उचलून भरावाला टेकवण्याच्या बेतात होते.

त्या मार्चमध्ये माझे वडील भारतातून आलेले होते. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. पाने फुटण्याआधी आणि गोचिडांचा हंगाम सुरू होण्याआधीच येथे रानात शिरायचे असते, म्हणून एका शनिवारी जमीनमालकाची परवानगी घेऊन आम्ही दोघे तेथे गेलो. मी फोनवर नकाशा उघडून फुटक्या भरावाकडे निघाले. बाबा मात्र गाडी लावली होती त्या गावरस्त्यावरच उभे राहून कठड्यावरून खाली वाकून पाहत होते.

“अगं, हा रस्ता कोणी बांधलाय?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “गावानेच बांधला असणार. नकाशावर पहिल्यापासून आहे.”

“रस्त्याला वरच्या अंगानं दगडी पिचिंग कोण करतं? आणि ते खाली बघ, मोरीच्या बाजूला.”

पिचिंग म्हणजे पाण्याच्या माऱ्यापासून मातीचा उतार वाचवायला बसवलेले दगड. मी खाली उतरले. रस्त्याखालून ओढा काँक्रीटच्या नळातून जात होता. नळ अलीकडचा होता, पण त्याच्या दोन्ही अंगांना घडीव ग्रॅनाइटचे खांब उभे होते आणि समोरासमोरच्या बाजूंवर वरपासून खालपर्यंत तळहाताएवढ्या रुंद दोन खाचा कोरलेल्या होत्या. एका खाचेत गंजलेल्या लोखंडी पट्टीचा तुकडा अजून अडकलेला होता. बाबांनी वरूनच सांगितले की दरवाजा त्यात वर-खाली व्हायचा, आणि मग स्वतःच सांडवा शोधायला निघाले. तो त्यांना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पाचोळ्याखाली, दगड लावलेल्या उथळ चरीच्या रूपात सापडला.

घरी येऊन १८८० च्या दशकातील पत्रक पुन्हा मोठे करून पाहिले. तळ्याची सरळ बाजू आणि रस्त्याची दुहेरी काळी रेषा एकमेकींना चिकटून होत्या. मी त्यांना शेजारी समजत आले होते. वस्तुतः बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच रस्ता नेलेला होता आणि नकाशा अचूक होता. मग वरचा भराव कशाचा, याचाही उलगडा झाला. लायडारवर त्याची उंची रस्त्यापेक्षा चार फूट कमी भरते. तो १८३० च्या लाकूड-गिरणीचा असणार. खाली मोठा बंधारा झाल्यावर जुना भराव नव्या तळ्यात बुडाला, म्हणून सर्वेक्षकाला तो दिसलाच नाही, आणि पुढे दरवाजा काढून तळे रिकामे झाले तेव्हा तो पुन्हा वर आला. तळे भरावाला टेकवले असते, तर दोन गिरण्यांची एक झाली असती आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते. त्या रात्री मी अगोदर ‘दुरुस्त’ केलेल्या सात जागा परत उघडल्या. त्यांपैकी तीन ठिकाणी नकाशा बरोबर होता आणि चूक माझी होती. तीनही ठिकाणी बंधाऱ्यावरून रस्ता जात होता.

मोठ्या गावांत हे काम तुलनेने सोपे झाले, कारण तेथे विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबोर्न नकाशे आहेत. त्यांवर विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी आणि दगडी निळी, शिवाय मजले किती हेही लिहिलेले. आगीच्या भीतीपोटी कोणीतरी एवढी बारीक नोंद ठेवली, याचा लाभ आम्हाला झाला. ओढ्यांवरच्या लहान गिरण्यांकडे मात्र हे विमेवाले फारसे फिरकले नाहीत, म्हणून तेथे चिखल तुडवण्याला पर्याय नव्हता.

काम पूर्ण झाल्यावर मी ते मंडळाच्या खोलीत भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवले. आलेल्या दहा-बारा जणांत एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ होते. १९४० च्या दशकातील पत्रक आले तेव्हा ते उठून भिंतीजवळ गेले आणि एका लहानशा तळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “आम्ही इथं हिवाळ्यात बर्फावर घसरायचो. बंधाऱ्याजवळ जायचं नाही, अशी ताकीद असायची. तिथं बर्फ पातळ असायचा.”

पुढच्या, १:२४,००० च्या पत्रकावर ते तळे नव्हते. माझ्या तक्त्यात त्याच्या शेवटाच्या रकान्यात दोन पत्रकांच्या सर्वेक्षणांची वर्षे आणि मध्ये एक आडवी रेघ एवढेच होते. तळे केव्हा गेले हे आठवते का, असे मी त्यांना विचारले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये डायान वादळाचा पाऊस या खोऱ्यावर कोसळला होता. वूनसॉकेटमध्ये हॅरिस तळ्याचा बंधारा फुटून वस्तीत पाणी घुसले ते त्याच पुरात. ते म्हणाले की पूर ओसरल्यावर वडिलांबरोबर ते तळे पाहायला गेले होते, आणि तेथे पाणी नव्हतेच, चिखलात मासे तडफडत होते आणि शेजारची मुले ते बादल्यांत भरत होती.

मी लॅपटॉपवर तक्ता उघडला, आडवी रेघ पुसली आणि १९५५ लिहिले. ‘आधार’ या रकान्यात तोवर सगळीकडे पत्रकांचीच नावे होती. तेथे ‘पाहिलेल्या व्यक्तीने सांगितले’ असे लिहून मी फाइल जतन केली, आणि ते गृहस्थ भिंतीवरचे दुसरे एक तळे दाखवू लागले.